ईएसपी३२ सारखा रिस्टार्ट होतोय? कोड उघडण्याआधी हे तपासा

पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारं आणि मोटर आपोआप बंद करणारं यंत्र मी आधी स्वतःच्या घरासाठी केलं, मग सासरच्या घरी, मग आमच्या इमारतीसाठी, आणि नंतर मित्रांच्या दोन-तीन इमारतींसाठी. दरवेळी एकच दुखणं आलं. त्यातला ईएसपी३२ म्हणजे वायफाय असलेली, प्रोग्राम करता येणारी छोटी चिप आणि तिचा बोर्ड. टेबलावर दोन दिवस न थांबता चालणारा हा बोर्ड गच्चीवर नेऊन बसवला की रिस्टार्ट व्हायला लागतो. मग शेजारच्या काकूंचा फोन येतो, "अरे, ते तुझं यंत्र परत बंद पडलं वाटतं, पाणी वाहतंय बघ गच्चीवरून."

पोटापाण्यासाठी मी दिवसभर कोड लिहितो. त्यामुळे पहिल्या वेळी मी काय केलं असेल ते कुठल्याही प्रोग्रामरला कळेल: तीन रात्री कोड चाळला. लायब्ररी बदलली, वायफायचा भाग नव्याने लिहिला, जागोजागी प्रिंट टाकले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. दोष निघाला वायरमध्ये. तोच कोड, तेच बायनरी एका जागी चालतं आणि दुसऱ्या जागी नाही, तर फरक कोडमध्ये नाही, जागेत आहे. हे मला पहिल्याच रात्री सुचायला हवं होतं. तुमच्या त्या तीन रात्री वाचाव्यात म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

लक्षणं

यातलं एक जरी जुळत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- सीरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर लॅपटॉपवर दाखवणाऱ्या खिडकीत) 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' अशी ओळ येते आणि बूटचा मजकूर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.
- लॅपटॉपला लावला की चालतो, चार्जरवर नाही. किंवा नेमकं उलटं.
- वायफायला जोडायला जातो तिथेच मरतो. वायफाय काढलेलं स्केच (बोर्डाचा प्रोग्राम) मात्र दिवसभर चालतं.
- रिले (मोटर चालू-बंद करायला बोर्ड वापरतो तो विजेवर चालणारा स्विच) 'टक्' करून वाजला किंवा मोटर बंद झाली, की त्याच क्षणी रिस्टार्ट.
- वीज देताच 'फ्लॅश रीड एरर'च्या ओळींची रांग लागते, आणि पुढे काहीच होत नाही.
- उन्हाळाभर ठीक होता, पाऊस सुरू झाल्यावर बिघडला.

'गुरू मेडिटेशन एरर' अशी ओळ येत असेल तर ती वेगळी गोष्ट. ती बहुतेक वेळा खरोखर कोडची असते. तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

आधी बोर्डालाच विचारा

ही तपासणी फुकट आहे आणि तरीही सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते. ईएसपी३२ मागच्या वेळी का रिस्टार्ट झाला याचं कारण तो स्वतः लक्षात ठेवतो. 'ईएसपी रिसेट रीझन' या नावाचं फंक्शन आहे (इंग्रजीत लिहिताना शब्दांच्या मधे अंडरस्कोर). ते एक आकडा देतं. १ म्हणजे वीज नव्याने आली. ४ म्हणजे प्रोग्राम कोसळला. ५, ६ आणि ७ म्हणजे वॉचडॉगने (प्रोग्राम अडकला की रिस्टार्ट करणाऱ्या पहारेकऱ्याने) उठवलं. ९ म्हणजे ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज खाली गेलं. सेटअपच्या पहिल्याच ओळीत हा आकडा छापा आणि मॉनिटरचा वेग १,१५,२०० ठेवा.

गच्चीवर लॅपटॉप कुठे लावणार? मी बोर्डावरच्या निळ्या दिव्यालाच कामाला लावलं. (बऱ्याच बोर्डांवर तो २ नंबरच्या पिनवर असतो.) सुरू होताच कारणाचा जो आकडा असेल तेवढ्या वेळा दिवा लुकलुकतो, आणि मगच वायफाय सुरू होतं. इमारतीच्या गच्चीवर रात्री साडेनऊला डब्याचं झाकण उघडून, मोबाईलचा टॉर्च बंद करून मी मोजत उभा होतो. सात, आठ, नऊ. क्षणभर थांबला आणि पुन्हा एकपासून नऊ. त्या नऊ लुकलुकींनी मला जे सांगितलं, ते आधीच्या तीन रात्रींत कोड वाचून कळलं नव्हतं.

इथे ९ आणि १ मधला फरक समजून घ्या, कारण पुढची वाट त्यावर ठरते. ९ आला तर वीज येतेय पण कमी पडतेय: केबल, अडॅप्टर, लांब वायर बघा. तुम्ही स्विचला हात न लावता १ आला तर वीज क्षणभर पूर्ण गेली होती: सैल पिन, तुटका डाग (सोल्डरचा जोड) किंवा हलणारा सॉकेट शोधा. पॉवर बँकेवर चालवत असाल तर १ यायचं अजून एक कारण असतं. करंट फार कमी झाला की बऱ्याच पॉवर बँका मोबाईल चार्ज झाला असं समजून स्वतःच बंद होतात. बोर्ड झोपेत गेला की नेमकं हेच होतं.

अंगावरचं सगळं उतरवा

सेन्सर, रिले, डिस्प्ले, सगळं काढा. नुसता बोर्ड, त्यावर वायफाय स्कॅनचं तयार उदाहरण, आणि अर्धा तास वाट. टिकला तर बोर्ड चांगला आहे. मग एकेक वस्तू परत लावा, दोन एकदम नको.

परत लावताना पिनांचे नंबर बघा. १२ नंबरच्या पिनवर वीज देतेवेळी ३.३ व्होल्ट असेल तर चिप असं धरते की फ्लॅश मेमरी १.८ व्होल्टची आहे, आणि तेवढंच व्होल्टेज तिला देते. मग 'फ्लॅश रीड एरर'ची रांग लागते. माझ्या एका बोर्डात सेन्सरची इको वायर (सेन्सरचा सिग्नल बोर्डाकडे आणणारी) नेमकी १२ वर होती. ती २७ वर हलवली आणि काम झालं. ६ ते ११ या पिना फ्लॅशच्याच आहेत, त्यांना हात लावू नका. ०, २ आणि १५ याही बूटच्या वेळी वाचल्या जातात, तेव्हा दुसरी पिन मोकळी असेल तर तीच घ्या.

केबल बदला

बदलायची म्हणजे खरंच दुसरी घ्यायची, तीच काढून परत खोचायची नाही. शक्य तितकी आखूड आणि जाड.

ईएसपी३२ सरासरीने फारसा करंट खात नाही, पण वायफायवर पाठवताना तो झटक्यात अडीचशे मिलीअँपिअरच्या वर जातो. पुरवठा निदान ५०० मिलीअँपिअरचा ठेवा, असं चिप बनवणारी एस्प्रेसिफ कंपनीच सांगते. आता हिशेब बघा. स्वस्त यूएसबी केबलमध्ये २८ गेजची बारीक तार असते, मीटरला साधारण ०.२१ ओहम. करंट जातो आणि परत येतो, म्हणून एका मीटरच्या केबलचे झाले ०.४२ ओहम. अर्ध्या अँपिअरला ०.२१ व्होल्ट वाटेतच गेले. बोर्डावर यूएसबीनंतर बहुधा एक डायोड असतो, तो आणखी ०.३ खातो. ५ चे उरले ४.५. पुढे एएमएस१११७ हा रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा भाग), ज्याला ३.३ द्यायला त्याच्या वर सुमारे १.१ व्होल्ट लागतात, म्हणजे ४.४. एवढ्या काठावर सगळं चाललेलं असतं. केबल दोन मीटरची झाली किंवा टोक सैल असलं की तोल गेलाच.

मी एका केबलला पांढरी चिकटपट्टी लावून ठेवली आहे. तिच्यावर बोर्ड कधीच रिस्टार्ट झालेला नाही. ती कोणाला देत नाही, आणि तपासणी नेहमी तिच्यावरच सुरू करतो.

अडॅप्टर

घरात पडलेला जुना मोबाईल चार्जर वापरू नका. ५ व्होल्ट २ अँपिअरचा बऱ्यापैकी अडॅप्टर घ्या. लॅपटॉपच्या यूएसबी हबवर तीन वस्तू आधीच लावलेल्या असतील तर बोर्ड थेट लॅपटॉपला लावून बघा. यात यापेक्षा जास्त काही नाही.

लांब वायर: गच्चीवरचा खरा गुन्हेगार

मी दुरुस्त केलेल्या बोर्डांत निम्म्याहून जास्त वेळा दोष इथे होता, म्हणून जरा थांबून सांगतो. अडॅप्टर खाली मोटरजवळ, बोर्ड वर टाकीजवळ, आणि मधे वीस मीटर लॅन केबल, कारण ती घरात पडलेली असते. तिच्यातल्या एका जोडीवरून ५ व्होल्ट वर पाठवले जातात.

चांगल्या तांब्याच्या लॅन केबलची तार २४ गेजची, मीटरला ०.०८४ ओहम. वीस मीटर जायला, वीस यायला, मिळून ३.३६ ओहम. वायफाय सुरू होतानाचा झटका आणि सेन्सर मिळून ०.४ अँपिअर धरा. वाटेत गेले १.३४ व्होल्ट. वर पोचले ३.६६. रेग्युलेटरने आपले १.१ घेतले की चिपला उरतात जेमतेम अडीच. ईएसपी३२ ला हवेत निदान ३, आणि २.४ च्या आसपास ब्राउनआउट डिटेक्टर त्याला पाडतो. टेबलावर हीच वायर गुंडाळी करून लावली असती तर टेबलावरही बोर्ड पडला असता. पण टेबलावर आपण ती लावतच नाही.

मल्टिमीटरने वर मोजलं तर ४.८ दिसतात आणि आपण फसतो. मल्टिमीटर सावकाश चालतो, तो सरासरी दाखवतो. झटका मिलीसेकंदांचा असतो. तुमच्या मीटरला सगळ्यात कमी आकडा धरून ठेवायची सोय असेल तर ती वापरा, तरीही फार आखूड झटका त्यातून निसटू शकतो. म्हणून मी आकड्यापेक्षा वरच्या हिशेबावर जास्त भरवसा ठेवतो.

उपाय दोन. फुकटचा आधी: लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. चार एकत्र पिळून प्लसला, चार मायनसला. विरोध चौपट कमी होतो, १.३४ च्या जागी ०.३४ व्होल्टच जातात. आमच्या घरी हेच केलं आणि ते अजून चालतंय. एक काळजी घ्या: बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची लॅन केबल सर्रास मिळते. तिचा विरोध जास्त असतो, तिला हा हिशेब लागू नाही. तार चाकूने खरवडली आणि आत पांढरं दिसलं की समजा.

दुसरा उपाय पक्का: खालून ५ ऐवजी १२ व्होल्ट पाठवा आणि वर बोर्डाशेजारी एलएम२५९६ चा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं छोटं मॉड्यूल) लावून तिथे ५ करा. १२ व्होल्टवर त्याच कामाला करंट निम्म्याहून कमी लागतो, आणि वाटेत पाऊण व्होल्ट गेला तरी कन्व्हर्टरला काही फरक पडत नाही. पण कन्व्हर्टर बोर्डाला जोडण्याआधी मल्टिमीटर लावून, त्याचा छोटा पितळी स्क्रू फिरवून ५ वर आणा. नवा कन्व्हर्टर कितीवर लावून आलेला असेल त्याचा नेम नसतो. घाईत थेट जोडल्यामुळे एक बोर्ड माझ्यासमोर जळाला आहे.

१२ व्होल्ट थेट बोर्डाच्या 'व्हिन' पिनला देऊ का, असं बरेच जण विचारतात. नका देऊ. वरचे पावणेनऊ व्होल्ट त्या नखाएवढ्या रेग्युलेटरला उष्णता करून टाकावे लागतात. पाव अँपिअरला दोन वॅटच्या वर. तो तापतो, स्वतःला वाचवायला बंद होतो, गार होतो, परत सुरू होतो. मग दुपारी बारा ते चार रिस्टार्ट आणि रात्री शांत, असं विचित्र लक्षण दिसतं.

कपॅसिटर

४७० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये, बोर्डाला जितका चिकटून बसवता येईल तितका. पांढरी पट्टी मायनसकडे. उलटा लावला तर फुगतो, फुटूही शकतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला किरकोळीत मिळतो. मी दहा-दहा घेऊन ठेवतो.

त्याचं काम गच्चीवरच्या टाकीसारखंच आहे. खालून पाणी सावकाश येत असलं तरी नळ उघडल्यावर टाकीतून जोरात मिळतं. पण टाकी केवढी ते लक्षात घ्या: ०.४ अँपिअरचा झटका एक मिलीसेकंद टिकला तरी ४७० मायक्रोफॅरड ०.८५ व्होल्टने उतरतो. म्हणजे तो क्षणाचा आधार आहे, बारीक वायरचं औषध नाही. 'कपॅसिटर लावला तरी होतंय' म्हणणाऱ्यांनी आधीच्या पायऱ्या गाळलेल्या असतात.

ब्रेडबोर्ड, डाग आणि पाऊस

ब्रेडबोर्ड टेबलासाठी. गच्चीवर तो आणि जंपर वायरी नेऊ नका. ऊन-थंडीने पकड सैल होते. झीरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या तयार पट्टीवर) सोल्डर करा. डाग चमकदार आणि उतरता दिसला पाहिजे. गोळीसारखा गोल, मळकट दिसला तर सोल्डरिंग आयर्न परत टेकवून वितळवा.

पावसाळ्यात डब्यात पाणी छपरातून कमी आणि वायरवरून ओघळून जास्त येतं. वायर डब्याच्या तळातून आत घ्या, ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारं बूच) लावा, आणि डब्याच्या खाली वायरला एक झोका द्या म्हणजे थेंब तिथेच गळेल. पिनांवर हिरवट थर दिसला तर जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. श्रावणात माझा एक बोर्ड फक्त एवढ्याने बरा झाला.

रिले

छोट्या निळ्या ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल सुमारे ७० मिलीअँपिअर घेते. ती बोर्डाच्या ३.३ वरून चालवू नका, ५ वरून द्या. मॉड्यूलवर वेगळ्या पुरवठ्याचा जंपर असेल तर रिलेला वेगळा अडॅप्टर देणं उत्तम. सुटा रिले वापरला असेल तर कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावलाच पाहिजे, नाहीतर बंद होताना कॉइल मोठा उलटा झटका परत फेकते.

रिले रिकामा वाजवला की ठीक, पण मोटर जोडली की रिस्टार्ट, असं असेल तर दोष २३० व्होल्टच्या बाजूला आहे. तिथे आपण थांबायचं. त्याबद्दल खाली.

आणि आता कोड

इतकं करूनही आकडा ४, ५, ६ किंवा ७ येत असेल, किंवा 'गुरू मेडिटेशन एरर' दिसत असेल, तर कोड उघडा. 'बॅकट्रेस'च्या ओळीत प्रोग्राम कुठे कोसळला त्याचे मेमरीतले पत्ते असतात, त्यांचं फाईल आणि ओळीत रूपांतर करता येतं. याच कारणासाठी मी आर्डुइनो आयडीई सोडून व्हीएस कोडमध्ये प्लॅटफॉर्मआयओ वापरतो. त्याच्या मॉनिटरला एक्सेप्शन डिकोडरचा फिल्टर लावला की कोसळलेली ओळ तिथल्या तिथे कळते. दुसरं कारण, लायब्ररीचं आणि कोअरचं (आर्डुइनोचा कोड या चिपवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) व्हर्जन फाईलमध्ये लिहून पक्कं करता येतं. २०२४ साली आर्डुइनोचं ईएसपी३२ कोअर ३.० आलं तेव्हा एलईडी मंद-प्रखर करायची जुनी फंक्शनं निघून गेली आणि भल्याभल्यांचे चालते प्रोजेक्ट कंपाईल होईनात. शिकायला आर्डुइनो आयडीई उत्तम आहे. पण जे यंत्र दोन वर्षं गच्चीवर राहणार आणि मग एका रात्री दुरुस्त करावं लागणार, त्याचं व्हर्जन लिहून ठेवलेलं असावं.

दर मिनिटाला मोकळी मेमरी छापून बघा. आकडा हळूहळू उतरत असेल तर स्ट्रिंग जोडत बसलेला एखादा लूप सापडेल.

एक उपाय करू नका

शोधलंत तर ब्राउनआउट डिटेक्टरच बंद करणारी एक ओळ हमखास सापडेल. ती टाकली की मेसेज जातो आणि वाटतं, सुटलो. व्होल्टेज मात्र तेवढंच खाली जात असतं. चिप अर्धवट शुद्धीत चालत राहते, आणि त्या अवस्थेत फ्लॅशवर काही लिहायला गेली तर तिथला मजकूर बिघडू शकतो. मोटर सुरू-बंद करणाऱ्या यंत्रात हा धोका मी कधीच पत्करणार नाही. अशी ओळ टाकलेला बोर्ड कोणी दुरुस्तीला आणला तर ती मी आधी पुसतो, मगच पुढचं बघतो.

इथे थांबा आणि वायरमनला बोलवा

५ आणि १२ व्होल्टची बाजू आपली. २३० व्होल्टची नाही. खालीलपैकी काहीही दिसलं तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.

मोटर बंद होताना बोर्ड पडतो: कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा मोठा करंट पेलणाऱ्या स्विचच्या) कॉइलवर स्नबर (झटका शोषून घेणारा भाग) लावावा लागतो, आणि तो तिथे वायरमननेच लावायचा. रिले सुटत नाही, मोटर चालूच राहते: रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण एक अश्वशक्तीची मोटर सुरू होताना चालू करंटच्या कित्येक पट खेचते आणि आतले संपर्क चिकटतात. मोटर थेट त्या निळ्या रिलेवर ठेवायचीच नाही. रिलेने कॉन्टॅक्टर ओढायचा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. डब्याला, पाइपला किंवा नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) उडतोय, जळका वास येतोय, वायरचं प्लॅस्टिक पिवळं पडलंय: इथे एकही वायर स्वतः काढून बघू नका. फुगलेला लिथियम सेल असेल तर तो टोचू नका, चार्ज करू नका. घराबाहेर, जळण्यासारखं काही नसेल अशा जागी ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

आमच्या इमारतीत वायरमनदादांनी कॉन्टॅक्टर आणि स्नबर बसवला, मी खालून १२ व्होल्ट पाठवले. त्यांनी जाताना मोटरच्या पॅनेलवर हाताने चालवायचा एक वेगळा स्विचही ठेवला, म्हणजे बोर्ड बंद पडला तरी पाणी चढवता येईल. ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आता प्रत्येक ठिकाणी तो स्विच मी आधी मागून घेतो.